कणगी न उपसता

शेतकऱ्याच्या घरी धान्य कणगीत भरून ठेवतात. दाण्यांना कीड लागली आहे का, हे पाहण्यासाठी कोणी सारी कणगी अंगणात उपसत नाही. हात घालून मूठभर दाणे काढले की काम भागते. संगणकावरील संकुचित फाईल हीदेखील अशीच एक कणगी आहे. आपण मात्र एका कागदासाठी ती संपूर्ण उपसतो. ही सवय बदलायला हवी, असे मला वाटते.

अनेक फायली एकत्र बांधून, त्यांतील पुनरुक्ती थोडक्या खुणांनी नोंदवून त्या कमी जागेत बसविल्या जातात. १९८९ साली प्रचारात आलेली ‘झिप’ ही त्याची सर्वपरिचित पद्धत होय. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे संकुचित केलेली असते आणि शेवटी त्या सर्वांची अनुक्रमणिका असते. ती वाचून संगणक हवी तेवढीच फाईल उलगडू शकतो. या गुणामुळे काही प्रोग्रॅम संपूर्ण झिप एखाद्या ड्राइव्हप्रमाणे जोडून दाखवितात. यालाच ‘माउंट करणे’ म्हणतात. लिनक्सच्या गाभ्यात २००५ साली ‘फ्यूज’ ही सोय आली आणि अशी जोडणी सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यात आली.

याचा लाभ कोणाला? ज्याचा संगणक जुना आणि जागा अपुरी, त्याला सर्वाधिक. फाईल उलगडली की मूळ गाठोडे आणि त्याची प्रत अशी दोघांनाही जागा लागते. शिवाय एकाच कागदाच्या अनेक प्रती साठतात आणि त्यांतील खरी कोणती, हेच कळेनासे होते.

यावर कोणी म्हणेल, उलगडणे हाच सोपा आणि सुरक्षित मार्ग आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. सर्व फायली वारंवार लागणार असतील, तर त्या एकदाच उलगडणे योग्य. लिखाणाच्या बाबतीत तर अधिक सावध राहावे. अशी जोडणी पुष्कळदा केवळ वाचनापुरती असते. विंडोजमध्ये झिपच्या आतून थेट उघडलेला कागद ही बहुधा तात्पुरती प्रत असते. तीत केलेले बदल मूळ झिपमध्ये जातीलच, असे नाही. एखाद्याने तासभर खपून नोकरीचा अर्ज भरावा आणि दुसऱ्या दिवशी तो कोराच सापडावा, असे घडू शकते. त्यात त्याचा आळस नसतो. आपण कोठे लिहीत आहोत, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

म्हणून संगणक शिकविताना केवळ कळ दाबायला शिकवून भागणार नाही. वाचायचे असेल तर आत डोकवावे, लिहायचे असेल तर ती फाईल बाहेर काढून आपल्या जागी ठेवावी, हा भेद पहिल्याच धड्यात सांगितला पाहिजे. कणगीत हात घालून दाणे पाहता येतात. पेरणीसाठी मात्र ते बाहेरच काढावे लागतात.