एसीचा कॉम्प्रेसर घरी? अर्धाच!

गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर घरी बदलता येतो का, असं ऑफिसात कुणी विचारलं की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "चार बोल्ट आणि एक बेल्ट, त्यात काय!" दुसरी म्हणते, "गप गॅरेजला दे." माझ्या मते दोन्ही पार्ट्या चुकतात. बोल्ट खुशाल आपण खोलावेत, गॅसला मात्र हात लावू नये.

आधी कॉम्प्रेसर खरंच गेलाय का ते बघा. क्लच लागत नाही म्हणजे कॉम्प्रेसर मेलाच असं नाही. गॅस कमी झाला तरी प्रेशर स्विच क्लचला करंट जाऊ देत नाही. रिले किंवा फ्यूजही उडालेला असू शकतो. एक प्रोग्रॅम चालत नाही म्हणून कुणी अख्खा सर्व्हर बदलतं का? (काही मॅनेजर बदलतात. असो.)

आमच्या काकांच्या गाडीचा मात्र खरंच गेला होता. गॅरेजवाल्यानं नुसता कॉम्प्रेसर बदलून दिला, वर "बाकी सगळं ओके आहे साहेब". चार महिन्यांत नवाही जाम! कॉम्प्रेसर आतून घासून मेला की धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो. हल्लीच्या कंडेन्सरमधल्या वाटा इतक्या बारीक असतात की फ्लश करूनही तो पुरता निघत नाही. म्हणून कंडेन्सर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सोबतच बदलायचे, ओ-रिंगसुद्धा नव्या. ड्रायरमधले दाणे आणि पॅग ऑइल, दोघंही हवेतलं बाष्प ओढून घेतात. त्यामुळे नव्या पार्टची बुचं अगदी शेवटच्या मिनिटाला काढायची. ही असली चिकाटी शनिवारी पार्किंगमध्ये आपल्यालाच परवडते, मागे सहा गाड्या उभ्या असलेल्या मेकॅनिकला नाही. (हायब्रिड गाडी असेल तर मात्र हे सगळं विसरा. तिथे बहुतेक कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो.)

आता गॅस. पाइप सैल करून फुस्सकन सोडून देतात, ते मला अजिबात पटत नाही. डोळ्यात गेला तर डोळा जायची वेळ, हे झालंच. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही हे खरं, पण १०० वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १४३० पट उष्णता अडवतो. छोट्या गाडीत ४५० ग्रॅम धरला तरी ६४० किलो कार्बन डायऑक्साइड झाला, म्हणजे जवळजवळ २८० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. एका फुस्समध्ये! तेव्हा खोलण्याआधी रिकव्हरी मशीनवर गॅस काढून घ्या, आणि जोडून झाल्यावर व्हॅक्यूम करून, वजन करून भरून घ्या. दोन खेपा होतात, पहिली एसीशिवाय परतायची. होऊ द्या.

व्हॅक्यूमच्या वेळी मेकॅनिकशी उगाच हुज्जत घालू नका. अमेरिकन व्हिडिओत काटा २९ इंचांच्या पुढे जातो. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर. इथे हवेचा दाबच जेमतेम २८ इंच, काटा त्यापुढे जाणार कुठून? पंप बंद केल्यावर अर्धा तास तो जागचा हलत नाही ना, तेवढं बघा आणि तोवर चहा घ्या.