पेटीतलं लुगडं बाहेर काढा

9 ऑगस्ट, आदिवासी दिन जवळ आला की बाजारात वारली चित्रं छापलेल्या साड्या आणि सदरे दिसू लागतात. हौस असेल तर जरूर घ्या. पण तो आपला जुना पोशाख आहे, असं पोरांना सांगू नका. ती चित्रं लग्नघरात, तांदळाच्या पिठानं, भिंतीवर काढायची. कापडावर ती अलीकडे आली. बायांच्या अंगावर असायचं ते लुगडं.

सापगावात किंवा जवळच्या पाड्यावर तुमचं घर असेल, तर आजीची पेटी एकदा उघडून बघा. महादेव कोळ्यांच्या घरात डोक्यावरून पाठीवर घ्यायची एखादी फडकीही निघेल.

खरं सांगायचं तर आपल्या ठाकर-कातकरी घरांत माग नव्हते. कापड बाजारातून यायचं. आपलं होतं ते नेसणं. कासोटा घट्ट, लुगडं गुडघ्याच्या वर. चिखलात आवणी करायची, डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरायचा, तर पायात काही अडकून कसं चालेल? हे नेसणं शिवून मिळत नाही. आजी आहे तोवर तिच्याकडून शिका. मुलीला समोर बसवा, मोबाईलवर चित्रण करा. कुठला पदर आधी, गाठ कुठे, सगळं तिच्याच तोंडून येऊ द्या. घाई करू नका.

जुनं सुती कापड जपायला खर्च नाही. रिठ्याच्या पाण्यात हलक्या हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. घडी दर वेळी वेगळ्या जागी घाला, नाहीतर घडीवरच फाटतं. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आपल्याकडच्या पावसात बुरशी धरते. जुन्या धोतरात गुंडाळा, कडुनिंबाचा वाळका पाला ठेवा.

आता शाळेचं. स्नेहसंमेलनात 'आदिवासी नाच' म्हणून मुलांना झाडपाला गुंडाळतात, तोंडाला काळं फासतात. कामडी नाचाला किंवा तारप्याला आपले लोक असे कधी उभे राहिले? गुरुजींना जाऊन भेटा. भांडू नका, त्यांना बहुधा माहीतच नसतं. आजीचा फोटो दाखवा आणि सांगा, मुलीला असं नेसवा, आम्ही येतो मदतीला.

हातमागाचं काही विकत घ्यायचं असेल तर पौषात म्हसा गावच्या जत्रेत घोंगडी बघा. पावसात खोळ करून शेतात जायची रीत घरोघर होती, थंडीत तीच पांघरायची. मात्र तिथंही नकली माल मिसळतो. कडेचा एक धागा मागा आणि जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, राख बोटात चुरते. नकली धागा वितळतो, त्याचा टणक मणी होतो. खरी घोंगडी अंगाला टोचणारच, तेवढ्यासाठी परत करू नका. घरी आणल्यावर उन्हात झटका. गरम पाण्यात आणि मशीनमध्ये मात्र घालू नका, आटते.