एका घराची चूक, सगळ्यांची जबाबदारी

१. जेक्यू हे कमांड लाइनवर चालणारं छोटं, मोफत, मुक्तस्रोत साधन. जेसन स्वरूपातली माहिती वाचायची आणि हवा तेवढा भाग काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. स्टीफन डोलन यांनी २०१२मध्ये ते सुरू केलं. आज ते जगभरच्या सर्व्हरवर चालतं, आणि त्याच्या पुढ्यात येणारी माहिती पुष्कळदा परक्या ठिकाणाहून आलेली असते.

२. जेक्यूमधला एक दोष जवळून पाहू. आकडा वाचताना जेक्यू एकेक अक्षर बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, ठेवतं आणि बफर भरला की तो वाढवून घेतं. आकडा संपला की शेवटाची खूण म्हणून एक शून्य लिहावं लागतं. त्या शून्यासाठी घर राखलेलंच नव्हतं! लांबलचक आकडा नेमका बफरच्या काठाशी संपला, की शून्य शेजारच्या मेमरीत पडे आणि प्रोग्राम कोसळू शके. सुरक्षा-दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१५-८८६३ या क्रमांकानं हा दोष नोंदला गेला.

३. दुरुस्ती अगदी लहान होती: एक घर शिल्लक असतानाच बफर वाढवायचा. पण ऑगस्ट २०१५च्या १.५ नंतरची अधिकृत आवृत्ती, १.६, आली ती नोव्हेंबर २०१८मध्ये. पुढची १.७ थेट सप्टेंबर २०२३मध्ये. याचा दोष स्वयंसेवकांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. साधन सगळ्यांनी वापरायचं आणि निगराणी मोजक्या लोकांनी फावल्या वेळात करायची, ही आपली रीतच चुकीची आहे.

४. वापरणाऱ्यांनीही जबाबदारी उचलायला हवी. म्हणून जनतेच्या पैशावर चालणाऱ्या प्रत्येक यंत्रणेनं आपल्या सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी ठेवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेनं २०२४मध्ये अशा यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. यादीच नसेल, तर नवा दोष जाहीर झाल्यावर आपल्याकडे काय बदलायचं हे कळणार कसं?

५. कंत्राटदाराकडून सॉफ्टवेअरचं काम ताब्यात घेण्याआधी त्याला रिकामी फाइल, अर्धवट तुटलेली नोंद, हजार अंकी आकडा देऊन पाहावा. निविदेतच ही अट असावी. सरळ माहितीवर चाललं म्हणून बिल मंजूर करू नये.

६. देखभालीच्या खर्चातला ठरावीक वाटा अशा मुक्तस्रोत साधनांसाठी राखावा. पैसा नसेल तर आपले अभियंते द्यावेत. विहीर सामायिक असेल, तर गाळ काढायलाही सगळ्यांनी उतरलं पाहिजे.