औषधाचे वेष्टन कोणासाठी?

घरातील आजोबा चष्मा कपाळावर सारून गोळ्यांची स्ट्रिप दिव्यासमोर धरतात. चकाकत्या कागदावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरे. निम्मे नाव दुकानदाराच्या कात्रीने नेलेले, मुदतीची तारीखही त्यातच गेलेली. अखेर रंगावरून गोळी ओळखून ते ती घेतात. हे दृश्य कोणत्या घरात दिसत नाही?

वेष्टनावर काय छापावे, हे औषधविषयक १९४५ च्या नियमावलीने ठरवून दिले आहे. घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, मुदत, परवाना क्रमांक हे सारे तेथे असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विक्री करावी, अशी ताकीदही असते; पण ती विक्रेत्याला. निरीक्षकाला हवे ते सर्व वेष्टनावर आहे. ही गोळी कशासाठी, केव्हा आणि किती दिवस घ्यायची, हे रुग्णाला हवे असलेले मात्र नाही.

या उणिवेचे मोल कधी कधी प्राणांनी चुकवावे लागते. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. गैरसमजाने ते रोज घेतले गेले, तर रक्तपेशी घडवणारी अस्थिमज्जाच निकामी होऊ शकते. 'आठवड्यातून एकदाच' हे दोन शब्द रुग्णाच्या भाषेत ठळक लिहिलेले असतील, तर हा अनर्थ टळू शकतो.

काहीच झाले नाही, असे नव्हे. डॉक्टरांनी औषधाचे मूळ नाव सुवाच्य लिहावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये सांगितले. १ ऑगस्ट २०२३ पासून तीनशे प्रमुख औषधांवर क्यूआर कोड बंधनकारक झाला. परंतु त्यातही नाव, बॅच आणि परवानाच. औषध अस्सल आहे की बनावट, हे पडताळण्यास त्याचा उपयोग होईल. ते घ्यावे कसे, हे त्यातून उमगणार नाही.

उपाय अवघड नाही. संगणकावर बिल करणाऱ्या दुकानाने रुग्णाचे नाव, औषध, वेळ आणि दिवस मराठीत मोठ्या अक्षरांत छापून पाकिटावर चिकटवावेत. शासनाने तसा नियमच करावा. तोवर हे काम आपले आहे. नाव व मुदत असलेली स्ट्रिपची बाजू शेवटपर्यंत राखावी. घरातील आणि शेजारच्या वृद्धांच्या पाकिटांवर डॉक्टरांच्या चिठ्ठीबरहुकूम वेळा लिहून द्याव्यात; शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. औषध कितीही गुणकारी असो, ते कसे घ्यावे हे रुग्णाला कळले नाही, तर उपचार अपुराच राहतो.