मंडळ कुणाच्या दावणीला बांधू नका

निवडणूक आली की विहाराच्या मंडळाकडे पाहुण्यांची वर्दळ वाढते. कुणी मंडपाचा खर्च देतो, कुणी खुर्च्या. मग मंडळाने राजकारणाकडे पाठ फिरवावी काय? मुळीच नाही. वाट बाबासाहेबांनीच दाखविली आहे.

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. १९२५ साली सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पण पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय करून सभा थांबली नाही. १९२८ साली तिने अस्पृश्यांच्या शिक्षणाची दैना आणि हक्कांच्या संरक्षणाची मागणी सायमन कमिशनपुढे लेखी मांडली. निवडणूक लढवायची वेळ आली तेव्हा १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष वेगळा काढला. उच्च शिक्षणासाठी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, धम्मकार्यासाठी १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा. प्रत्येक कामाला स्वतंत्र घर!

आपणही तेच करावे. वस्तीतील पाणी, जातीचे दाखले, शिष्यवृत्ती यांच्या मागण्या लिहून काढाव्यात. त्यावर पहिली सही महिला मंडळाची घ्यावी. पाण्याच्या रांगेत त्याच उभ्या असतात. सर्व उमेदवारांना तोच कागद द्यावा व त्यांचे उत्तर इतिवृत्तात नोंदवावे. उमेदवाराची देणगी मात्र घेऊ नये. पदाधिकाऱ्याला तिकीट मिळाले तर त्याने आधी पद सोडावे. मत ज्याचे त्याचे, विहार सर्वांचे.

मंडप चार दिवसांत उतरतो. गहाण पडलेला शब्द आपल्या लेकरांना पाच वर्षे भोगावा लागतो.

जयभीम!