तुंब्याला वाफा द्या

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे रोपवाटिकांतून रंगीत फुलांची रोपे घरी येतात आणि दुसरी म्हणजे स्वच्छता मोहीम निघते. पहिल्या गोष्टीत साल्व्हिया असतो. लाल तुऱ्यांचा, मूळचा ब्राझीलचा. दुसऱ्या गोष्टीत त्याचाच आपल्या मातीतला भाऊबंद मुळासकट उपटला जातो. तो म्हणजे तुंबा.

विद्यार्थी मित्रांनी ही दोन्ही रोपे शेजारी ठेवून पाहावीत. दोघांचीही खोडे चौकोनी असतात. बोटांत धरून फिरवले की चार कडा लागतात. पाने समोरासमोर जोडीने येतात. फुलाला दोन ओठ असतात; तुंब्यात वरचा लहान आणि खालचा मोठा, मधमाशीला उतरायला ओटा करून दिल्यासारखा. ही सारी तुळशीच्या कुळाची लक्षणे आहेत. तुळस, सब्जा, पुदिना, पानओवा, परदेशातला सेज म्हणजेच साल्व्हिया आणि आपला तुंबा हे सगळे एकाच घरातले. फरक पाहायचा असेल तर फूल उकलून पुंकेसर मोजावेत. साल्व्हियात दोन भरतात, तुंब्यात चार. भिंग असेल तर वर्गातही हे सहज दाखवता येईल.

तुंब्याच्या दोन-तीन जाती एकाच नावाने ओळखल्या जातात. शास्त्रीय नाव ल्युकस. ग्रीक भाषेत याचा मूळ शब्द ‘पांढरा’ या अर्थाचा आहे. संस्कृतात द्रोणपुष्पी, कारण फुलाचा आकार द्रोणासारखा. मराठीत कोठे तुंबा, कोठे कुंभा. (तंबोऱ्याचा तुंबा वेगळा बरे का, तो भोपळा!) कन्नडमध्ये तुंबे, पलीकडे जहिराबादच्या बाजूला तेलुगूत तुम्मी, तमिळमध्ये तुंबै आणि मल्याळममध्ये तुंब. आपल्या मुलांना घरी मराठी, बाजारात कन्नड आणि नातेवाइकांकडे गेल्यावर तेलुगू ऐकू येते. त्या सगळ्या भाषांत जवळजवळ एकाच नावाने हाक मारता येईल अशी झाडे फार थोडी आहेत. सीमाभागातील शाळेच्या बागेत अशा झाडाला पहिला मान मिळावा, असे माझे मत आहे.

मान मिळण्याजोगे त्याच्याकडे आहेही पुष्कळ. कर्नाटकात शिवाच्या पूजेत बेलाच्या बरोबरीने तुंब्याचे फूल वाहतात. केरळात ओणमच्या फुलांच्या रांगोळीत तुंब्याला मानाचे स्थान आहे. तेलंगणात गणेश चतुर्थीला तुम्मीची भाजी करण्याची चाल आहे. प्राचीन तमिळ संगम साहित्यात तर समोरासमोरच्या निकराच्या युद्धाच्या काव्यप्रकारालाच ‘तुंबै’ असे नाव आहे, कारण त्या युद्धात उतरणारे वीर या फुलांच्या माळा घालीत. आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताच्या भूमीवरून पहिले रॉकेट आकाशात गेले ते तिरुवनंतपुरमजवळच्या तुंबा या मच्छीमारांच्या गावातून. त्या गावाचे नावही याच झाडावरून पडले, असे सांगतात. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी रॉकेटची प्रतिकृती ठेवणाऱ्या मुलांनी शेजारी तुंब्याची एक कुंडी ठेवायला हरकत नाही.

एवढे सगळे असून तो उपटला का जातो? मुख्य कारण काँग्रेस गवत. गाजरगवत आणि तुंबा दोन्ही पडीक जागेत उगवतात, दोघांनाही पांढरी फुले येतात आणि लांबून पाहणाऱ्याला दोन्ही कचराच वाटतात. गाजरगवत हे मूळचे अमेरिका खंडातले. १९५० च्या दशकात पुण्यात ते प्रथम नजरेत आले आणि मग देशभर पसरले. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो, त्यामुळे ते काढलेच पाहिजे, तेही फुलावर येण्यापूर्वी आणि हातमोजे घालून. पण फरक ओळखूनच काढले पाहिजे. गाजरगवताची पाने गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली, फुले बारीक टिकल्यांसारखी आणि शेंड्यावर विखुरलेली. तुंब्याची पाने अरुंद व अखंड, फुले खोडाभोवती ठरावीक अंतरावर गोल गुच्छ करून बसलेली, आणि खोड चौकोनी. पाचवीतला मुलगा दहा मिनिटांत हे शिकू शकतो. तणनाशकाची फवारणी मात्र असा भेद करीत नाही. ती तुंबाही मारते आणि त्यावर येणाऱ्या मधमाश्या व फुलपाखरांचा चाराही संपवते. म्हणून शाळा, मंदिर आणि वस्तीच्या मोकळ्या जागेत फवारणी नको, खुरपे बरे, असे मी म्हणतो. वेळ जास्त जातो हे खरे. पण आपल्याकडे मुलांची फौज आहे.

आता थोडे नाजूक विषयाकडे वळतो. तुंब्याचे नाव काढले की जुनी माणसे लगेच औषध सांगतात. सर्दीला पाल्याचा वास, खरजेला लेप, आणि सापाच्या विषावर पाल्याचा रस. पहिल्या दोहोंबद्दल वाद घालण्याचे मला कारण नाही. (तान्ह्या मुलाच्या नाकात मात्र कोणताही रस पिळू नये.) तिसऱ्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. सर्पदंशावर तुंब्याचा रस हा उपाय नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या विषावर एकच इलाज सिद्ध झालेला आहे, तो म्हणजे प्रतिसर्पविषाचे इंजेक्शन, आणि ते इस्पितळातच मिळते. संशोधकांच्या २०२० मधील अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे सर्पदंशाने दगावली, आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत घेतले. आपल्या कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये सर्पदंशाच्या घटनांची नोंद देणे बंधनकारक केले. एवढे होऊनही शेतावर कोणाला चावले की पहिला अर्धा तास पाला शोधण्यात जातो. तूर आणि सोयाबीनच्या दिवसांत आपल्या भागात हा अर्धा तास जीव घेणारा ठरतो. चावलेला हात वा पाय हलवू नये, चिरू नये, करकचून बांधू नये, आणि मिळेल त्या वाहनाने सरकारी दवाखाना गाठावा. तुंब्यावर माझे प्रेम आहे म्हणूनच हे लिहितो. ज्या झाडावर भलता विश्वास टाकला जातो, त्याच्या नावावर शेवटी बोल लागतो.

औषधाच्या नादाने झाडाचेच कसे हाल होतात, त्याचे उदाहरण दूरदेशी आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात पांढरा सेज नावाचा, पांढऱ्या फुलांचा झुडपासारखा साल्व्हिया रानात वाढतो. तेथील मूळ रहिवाशांच्या धर्मविधींत तो पवित्र मानतात. घर ‘शुद्ध’ करण्यासाठी त्याच्या वाळल्या जुड्या जाळण्याची फॅशन जगभर निघाली आणि रानातून पोतीच्या पोती चोरून तोडली जाऊ लागली. तेथील वनस्पतिप्रेमी आता लोकांना विनवतात की हवा असेल तर आपल्या अंगणात लावा, रानातला तोडू नका. आपल्याला ती जुडी मागवण्याचे काही कारण नाही. अंगणात लावण्याचा सल्ला मात्र आपल्या तुंब्यालाही लागू पडतो.

लावणे अगदी सोपे आहे. झाड एक हंगामी, पावसात उगवून हिवाळ्यात वाळणारे. वाळलेल्या गुच्छातील प्रत्येक फुलाच्या बोंडीत चार बारीक बिया असतात. गुच्छ तळहातावर चोळून फुंकर मारली की बी हाती येते. ते कागदाच्या पुडीत कोरड्या जागी ठेवावे. जूनमध्ये पहिले दोन चांगले पाऊस झाले की मातीवर भुरभुरावे, वर चिमूटभर मातीच घालावी, खोल पुरू नये. रोपे चार बोटांची झाली की वीतभर अंतर ठेवून विरळ करावीत आणि शेंडा खुडावा. शेंडा खुडला की ते बाजूने फुटते व छान झुडूप होते, नाहीतर काडीसारखे उंच जाते. खत नकोच. आपल्या तालुक्यात तांबडी माती आहे तशी काळीही आहे. तांबडीत, मुरमाड जागेत ते आनंदाने वाढते. काळीत पाणी साचते, तेथे वाफा वीतभर उंच करावा. पाणी साचले तर मूळ कुजते, बाकी कशाची तक्रार नाही. सगळी झाडे एकदम काढू नयेत. दोन-चार तशीच वाळू द्यावीत, बी आपोआप पडते व पुढच्या जूनला वाफा पुन्हा हिरवा होतो.

डिसेंबरात माणिकनगरला दत्तजयंतीला जाताना किंवा जानेवारीत वीरभद्रेश्वराच्या जत्रेच्या वेळी शेताच्या बांधावर नजर टाकावी. वाळलेले तपकिरी गोंडे दिसतील. तेच बी. एका झाडाचे गुच्छ एका वर्गाला पुरतात. शाळेतील नळाजवळच्या भिंतीला लागून ऊन येणारी पट्टी आहे, तेथे यंदा साल्व्हियाऐवजी हे बी टाकावे आणि पाटीवर नाव मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत लिहावे, असे माझे मुख्याध्यापकांना व पालक समितीला सुचवणे आहे. पाटी रंगवण्याचे काम सातवीच्या मुलांकडे द्यावे.