तक्ता खालून वाचूया

२ जानेवारीपासून पोलीस रेझिंग डे सप्ताह असतो. १९६१ साली याच तारखेला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलीस दलाला ध्वज दिला. या निमित्ताने बऱ्याच शाळा मुलांना पोलीस ठाण्यात नेतात. मीही माझी तिसरी नेली होती. एक मुलगी दारातच माझ्यामागे लपली. "बाई, मी काय बी केलं न्हाई!" जेवताना त्रास दिला की घरी पोलिसांचं नाव काढतात, हे नंतर कळलं.

घरी ही भीती आणि वर्गात पाठांतर. शिपाई, नाईक, हवालदार... थेट महासंचालकापर्यंत. स्पर्धा परीक्षेला उपयोगी म्हणे. त्यातलं पोलीस नाईक हे पद २०२२ मध्ये रद्द झालं, तरी आपल्या भिंतीवरचे तक्ते तेच!

माझं मत असं, की हा विषय खांदा आणि बाही बघून शिकवावा. हवालदाराच्या बाहीवर तीन फिती. सहायक फौजदाराला एक तारा, फौजदाराला (आपला पीएसआय) दोन, निरीक्षकाला तीन, आणि सोबत लाल-निळी पट्टी. तारे तीनच पण पट्टी नाही, तर ते उपअधीक्षक. मुलांना हे कोडं भारी आवडतं. अशोकस्तंभ आणि एक तारा दिसला, की समजायचं अधीक्षक. मग हमखास प्रश्न येतो, पुण्यात आयुक्त असतात, कोल्हापुरात का नाहीत? आयुक्तालय मोठ्या शहरांना असतं. तिथे जमावबंदीचा आदेश आयुक्त काढतात, आपल्याकडे जिल्हाधिकारी.

पण नवरात्रात अंबाबाईच्या देवळाबाहेर आईचा हात सुटला, तर त्या लेकराला अधीक्षक थोडेच भेटणार? भेटेल तो बंदोबस्तावरचा शिपाई किंवा महिला पोलीस. खांद्यावर तारा नसलेले. राजारामपुरी असो की शाहूपुरी, ठाण्यात गेल्यावर आपलं म्हणणं पहिल्यांदा ऐकतो तो ठाणे अंमलदार, आणि तो बहुतेकदा हवालदारच असतो. मुलाच्या कामाची ही माणसं आपण तक्त्यातल्या पहिल्या दोन ओळींत उरकतो. छातीवरची नावाची पट्टी वाचायला तर कुणीच शिकवत नाही.

पालकांनो, ज्याच्या नावाने तुम्ही घास भरवता, त्याच्याकडेच हरवलेलं पोर धावत जायला हवं. भीती बसली असेल तर ते गर्दीत लपून बसेल. यंदा सहलीआधी मी घरी चिठ्ठी पाठवणार आहे: ११२ हा नंबर मुलांकडून पाठ करून घ्या, आणि जेवायला बसवायला दुसरा कुणीतरी बागुलबुवा शोधा.